फाटकवाल्याची रजा

आमच्या मास्तरांनी कधी कुणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. नवा माणूस भेटला की ते त्याला एकदा नीट न्याहाळत आणि विचारत, "खोट काय?"

समोरचा गडबडून जाई. मग मास्तर समजूत घालावी तसं सांगत, "म्हंजे तुमच्यात काय कमी हाय? शक्ती कुणीबी सांगतं. खोट सांगा."

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका युनिटमध्ये मी चार वर्षं काढली, तिथे ते डिझाइन मास्तर होते. टॉवेलवर जो मोर किंवा जे फूल दिसतं, ते आधी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं. कुठला चौकोन भरायचा आणि कुठला रिकामा सोडायचा, यावर मागावर कुठला धागा वर येणार ते ठरतं. मास्तर हे काम तीस-पस्तीस वर्षं तांबड्या पेन्सिलीनं करत आले होते. मला तिथे घेतलं होतं ते हेच काम कॉम्प्युटरवर करायला. म्हणजे सरळ सांगायचं तर त्यांना घरी बसवायला. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि त्याचं अवघडलेपण आम्हा दोघांनाही वाटत होतं. मालकांना मात्र खरोखरच वाटत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला विचारलं, "मॅडम, खोट काय?"

मी चोवीस वर्षांची, डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली. नाक वर करून म्हणाले, "माझ्यात काही खोट नाही."

"मग तुमाला घेता येणार न्हाय."

"कशात?"

"खेळात," असं म्हणून ते पेन्सिलीला टोक काढायला लागले.

तो खेळ दर रविवारी दुपारी युनिटच्या कँटीनमध्ये चाले. माग बंद, त्यामुळे तिथे माणसांचा आवाज ऐकू येई. टेबलाभोवती मास्तर, आमचा जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि मास्तरांच्या गल्लीत राहणाऱ्या एक निवृत्त सिस्टर. प्रत्येकाकडे एकेक पात्र. मास्तर प्रसंग सांगत: "पुलावर बस लोंबकळतीया. आत चाळीस मानसं. काय करता?" ज्यानं त्यानं आपलं पात्र काय करील ते सांगायचं आणि मग कांडी टाकायची. मागावर सूत गुंडाळायची जुनी लाकडी कांडी तासून मास्तरांनी तिला आठ बाजू पाडल्या होत्या आणि त्यांवर आकडे कोरले होते. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. एक आला तर विचारूच नका. कांडी गडगडायला लागली की तेलुगू घरातला जॉबर तोंडातल्या तोंडात "ओकटी, रेंडू, मूडू" करत बसे, जणू मोजल्यानं ती घाबरून मोठा आकडा देणार होती.

हे वेड मास्तरांना लागलं ते एका भाडेकरूमुळे. त्यांच्या माडीवर राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी खोली सोडताना एक जाडजूड इंग्रजी झेरॉक्स विसरून गेला. ती सुपरहिरोंच्या अशाच एका खेळाची नियमावली होती. पहिली चाळीस पानं गायब. उरलेल्या पानांत शक्तींची आणि उणिवांची कोष्टकं. मास्तरांनी शब्दकोश शेजारी घेऊन ती वर्षभर वाचली. पण हिरो कुठून आणायचे हे बहुधा त्या पहिल्या चाळीस पानांत असावं. ते कळलं नाही, म्हणून मास्तरांनी भुतं घेतली.

ही भुतंही रद्दीतलीच. पूर्वी दोन रंगांत छापलेल्या स्वस्त भयचित्रकथा निघत. टॉवेलचे गठ्ठे बांधायला आणलेल्या कागदांत मास्तरांना त्यांची एक थप्पी सापडली होती. दर अंकात एक भूत, शेवटच्या पानावर त्याचा नायनाट. मास्तर म्हणत, "भूत म्हंजे काय? ज्याच्याकडं शक्ती हाय पन काम न्हाय असा मानूस. काम द्या की त्याला." आणि त्यांनी एकेका भुताला चौकटीच्या कागदावर नव्यानं मांडलं. डावीकडे शक्ती, उजवीकडे खोट, मध्ये चित्र.

ओल्या पायांची नावाची एक बाई होती. विहिरीत बुडून मेलेली. ती चालेल तिथे ओली पावलं उमटत आणि मूळ गोष्टीत ती लोकांना विहिरीत ओढी. मास्तरांनी तिला सांगोल्याला पाठवलं. "तितं टँकरची वाट बघत्यात. हिला गावातनं नुसत्या दोन फेऱ्या मारू द्या." तिची खोट अशी की कुणी तिला माहेरच्या नावानं हाक मारली की पावलं कोरडी पडत. ही बाई सिस्टर चालवत आणि तिच्यासारखंच थोडं पदर सावरून बोलत. जॉबरकडे बिनकानी होता, ज्याला कान नाहीत पण सगळं ऐकू येतं. जॉबर स्वतः फाटकातून आत येता येता कुठला माग बिघडलाय ते आवाजावरून सांगे, त्यामुळे त्याला अभिनय असा करावाच लागत नव्हता.

मला तिसऱ्या रविवारी घेतलं. आरशातली म्हणून एक होती, ती दिली. खोट मीच सांगायची होती, पण माझी जीभ रेटेना, तेव्हा मास्तरांनी स्वतःच लिहिली: चूक झाली की ही मागं जाऊन पुसते, पुढं जाऊन निस्तरत नाही. मला भयंकर राग आला. कॉम्प्युटरवर दर मिनिटाला मी अन्डू दाबते ते त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून पाहिलं होतं. घरी जाईपर्यंत राग टिकला आणि मग तो टिकवणं कठीण झालं, कारण खोट खरी होती.

आमच्या घरी भुताखेतांचा विषयच निघत नसे. वडील रेल्वेत, घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट. रविवारी ओव्हरटाइम असतो असं मी सांगत होते. ते उघडं पडलं तेव्हा वडिलांनी मास्तरांनाच बोलावून घेतलं. मास्तर आले, पण दारातच थांबले. वडील म्हणाले "या", तेव्हा आत आले.

"तुम्ही भुतं मानता?" वडिलांनी थेट विचारलं.

"न्हाय साहेब. मानत न्हाय म्हणून तर त्यास्नी कामाला लावलंय."

वडिलांनी आईला चहा टाकायला सांगितलं. जाताना मास्तरांनी विचारलंच, "साहेब, खोट काय?" आणि आमचे कडक वडील, ज्यांनी आम्हाला आयुष्यात एकदाही "चुकलो" म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "मला गाता येत नाही, आणि मी गातो." मी स्वयंपाकघरात तोंडावर ओढणी धरून हसले.

या प्रश्नापायी मास्तरांनी पुतणीचं एक स्थळही घालवलं होतं. मुलाकडची मंडळी पोहे खात असताना मास्तरांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, माझ्यात कमी असं काही नाही. मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि भावाला म्हणाले, "ह्यो न्हाय." पुढच्या स्थळाचा मुलगा म्हणाला, मला भूक लागली की मी लई चिडतो. लग्न झालं. पुतणी सुखात आहे. पिशवीत कायम शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी ठेवते.

आणि एका काठाच्या टॉवेलची गोष्ट. परदेशातल्या एका ऑर्डरीसाठी नवा काठ हवा होता. मास्तरांनी ओल्या पायांच्या बाईची पावलं काढली, एकामागं एक, बोटांसकट. मालकांना वाटलं, कसलीशी पानं आहेत. गिऱ्हाइकालाही तेच वाटलं आणि तीच ऑर्डर पुन्हा आली. कुठल्या तरी लांबच्या देशात माणसं अंघोळ करून त्या बाईच्या पावलांनी तोंड पुसताहेत, या विचारानं मास्तर आठवडाभर खुशीत होते.

पण कागदाच्या बाबतीत त्यांच्याशी थट्टा चालत नसे. "चौकोन उगंच भरलेला नसतो," हे ते दिवसातून दहादा म्हणत. एकदा वेळ वाचवायला मी अर्धा मोर काढून कॉम्प्युटरवर उलटवला आणि दुसरा अर्धा तयार केला. मास्तर म्हणाले, "कुणाचाबी डावा उजव्यासारखा नसतो," आणि मला अख्खा मोर पुन्हा काढायला लावला. एकदा तर एक धागा चुकला म्हणून त्यांनी विणलेला पूर्ण माल बाजूला काढायला लावला होता. त्या दिवशी मालक आणि मास्तर यांचा आवाज माग चालू असतानाही ऐकू येत होता.

या माणसाचं सगळ्यांत लाडकं भूत म्हणजे फाटकवाला. गिरणीचा पहारेकरी, मेल्यावरही फाटकावर उभा. थप्पीत त्याचे चार अंक होते आणि त्यातल्या एका अंकात काहीतरी विलक्षण होतं. काळ्या रेघेतल्या फाटकवाल्याच्या शेजारी, जेमतेम दोन-तीन धाग्यांच्या अंतरावर, तांबड्या रंगात दुसरा फाटकवाला होता. प्रत्येक पानावर. भिंतींना आणि झाडांनाही तशीच तांबडी कड होती. मास्तरांनी भिंग लावून ते अंतर मोजलं आणि निष्कर्ष काढला, की या भुताला दुसरं, तांबडं शरीर आहे. ते एक पाऊल पुढं चालतं आणि येणारं संकट आधी बघतं. अकरा वर्षांचा खेळ या एका शक्तीवर उभा होता. प्रत्येक गोष्ट फाटकवाल्याच्या फाटकावरून सुरू होई, कारण पुढचं त्यालाच दिसे. त्याला मास्तर कुणाच्या हाती देत नसत, स्वतःच चालवत. त्याची खोट: कुणी "या" म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नसे. हे लिहिल्यापासून मास्तरही कुणाच्या दारात तसेच उभे राहायला लागले होते.

मी तिथे लागल्याच्या तिसऱ्या वर्षी मास्तर एका सोमवारी उशिरा आले, चेहरा पांढरा. रस्त्यात त्यांना उसाची एक ट्रॉली दिसली होती. तिच्या मागच्या फाळक्यावर वाघ रंगवलेला होता, आणि त्या वाघाचे डोळे फाटकवाल्याचे होते. मास्तरांनी स्कूटर ट्रॉलीच्या पुढे घालून ड्रायव्हरला थांबवलं आणि विचारलं, हे कुणी काढलं? नातेपुत्याच्या पेंटरनं, तो म्हणाला. म्हातारा आहे, पूर्वी पुस्तकात चित्रं काढायचा.

"जित्ता हाय," मास्तर म्हणाले. "मी मेला म्हणून धरून चाललो हुतो."

"मग बरं झालं की," जॉबर म्हणाला.

"बरं कसलं? आता इचारावं लागनार. त्याचं भूत हाय, मी अकरा वर्सं न इचारता राबवलंय. न्हाय म्हणला तर कागद त्याच्या हातात द्यायचा."

"आन् खेळ?"

"फाटकवाला गेला की बाकीचे कुटं उभारनार? बंद."

सिस्टर म्हणाल्या, कळवायची गरजच काय आहे, कुणाला कळणार? मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढच्या रविवारी नातेपुत्याला जायला त्यांनीच सर्वांत आधी पिशवी भरली. मला कबूल केलं पाहिजे, मी सिस्टरांच्या बाजूची होते. तोपर्यंत आठवड्यातले सहा दिवस मी रविवारच्या त्या खेळासाठी काढत होते.

सकाळच्या एसटीनं आम्ही चौघं नातेपुत्याला गेलो. पेंटरआबांचं घर बाजाराच्या मागे होतं. ओट्यावर रंगाचे डबे, भिंतीला टेकवलेल्या नंबरप्लेटा. आबा ऐंशीच्या घरातले, बारीक, हात थरथरणारे. मास्तर ओट्याखाली उभे राहिले. आबांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते ब्रश धुवायला लागले. ब्रश धुऊन, पुसून, डब्यात ठेवून झाल्यावर म्हणाले, "या की. उनात का उभारलाय?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. ते एरवी बोलताना हातवारे करत, त्या दिवशी हात मांडीवर होते. शेवटी त्यांनी पिशवीतून फाटकवाल्याचा कागद काढून आबांच्या पुढे ठेवला. आबांनी चष्म्यावर भिंग धरून तो बराच वेळ वाचला.

"ह्यो तांबडा कोन?"

मास्तरांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी प्लॅस्टिकमध्ये जपलेला अंक काढला, पान उघडलं आणि तांबड्या रेघेवर बोट ठेवून दुसऱ्या शरीराची गोष्ट सांगितली. अंतर किती, ते कुठल्या पानावर किती, सगळं. आबा आधी हसले. मग हसायचे थांबले.

"आवो, ती छापायची चूक हाय. तांबड्या शाईचा ठोकळा सरकला हुता. मशीन ढिलं. अख्खा अंक तसाच निघाला." आबांनी अंक बाजूला सारला. "लई लागलं हुतं मला ते. महिनाभर डोळं फोडून काढलेलं, आन् सगळ्याला दोन दोन कडा. घरात कुणाला दाखवला न्हाय मी ह्यो अंक."

जॉबरच्या नाकातून हसू बाहेर पडायच्या बेतात होतं. सिस्टरांनी त्याच्या पायावर पाय ठेवला. मी मास्तरांकडे बघू शकत नव्हते. ज्या माणसानं एका धाग्यासाठी अख्खा माल बाजूला काढायला लावला, त्यानं सरकलेला ठोकळा ओळखू नये? पण विचार केला तर ही चूक करावी ती त्यांनीच. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, छपाई खराब आहे. चौकोन उगाच भरलेला नसतो, असं मानणाऱ्या माणसालाच ती शक्ती दिसणार होती.

मास्तरांनी खिशातून खोडरबर काढलं. "मग हे खोटं हाय," एवढंच म्हणाले. अकरा वर्षं ज्यावर उभी होती ती डावीकडची ओळ ते पुसायला वाकले. मला ओरडावंसं वाटलं, नका पुसू, पुढं जाऊन निस्तरू. पण तिथे बोलण्याचा हक्क माझा नव्हता.

आबांनी कागदावर हात ठेवला. "थांबा जरा. तुमच्या खेळात ह्यो मरतो का?"

मास्तरांनी मान वर केली. "न्हाय."

"कवाच न्हाय?"

"अकरा वर्सांत एकदाबी न्हाय. जखमी झाला. दोनदा रडला. एकदा रजेवर गेला हुता."

"रजेवर?"

"सांगोल्याला. भनीकडं. आठ दिवस. डाळिंबं तोडायला मदत केली, मग परत कामावर."

आबांनी भिंग खाली ठेवलं. आतून त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी आमच्या पुढ्यात कप ठेवले आणि सासऱ्यांचा चेहरा पाहून त्या तिथेच थांबल्या.

"माझा बाप सोलापुरात गिरणीच्या फाटकावर हुता," आबा म्हणाले. "छापखान्याच्या मालकानं पहारेकऱ्याचं भूत काढ म्हणून सांगितलं तर मला दुसरं तोंडच येईना. त्याचंच काढलं. आन् मालक म्हनायचा, शेवटच्या पानाला भूत मेलंच पायजे. पुढच्या अंकाला परत उठीव, परत मार. तेवीस अंक. जाळला, बुडीवला, मशीनमदी घातला. पोटासाठी केलं." त्यांनी चष्मा काढला. "खऱ्या बापाला कवा आठ दिवस रजा मिळाली न्हाय."

सूनबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, त्या खालीच बसल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सिस्टर तर माझ्या आधीच सुरू झाल्या होत्या.

आबांनी चष्मा पुसून परत लावला. "तांबडा ऱ्हाऊ द्या. मी चूक म्हणून लपीवला, तुमी त्याला कामाला लावला. खेळा. पन मला एकदा खेळू द्या."

मास्तरांनी खोडरबर खिशात टाकलं आणि जो कागद कधी कुणाला दिला नव्हता तो आबांच्या पुढे सरकवला. फाटकवाला आबांचा झाला. मग तिथेच ओट्यावर, रंगाच्या डब्यांमध्ये, मास्तरांनी प्रसंग सांगितला. गिरणीला आग लागली आहे, फाटक तापून लाल झालंय, आत माणसं आहेत. काय करता?

"फाटक उघडतो," आबा म्हणाले. "हातानं."

"टाका कांडी."

आबांच्या हातातून कांडी सुटली आणि फरशीवर गडगडत गेली. जॉबर मोजायचं विसरला. कांडी थांबली. एक.

आबांनी ती उचलून मास्तरांच्या हातात परत दिली, जुन्या सवयीनं, तक्रार न करता. "मेला," ते म्हणाले.

"न्हाय ओ आबा," मास्तर म्हणाले. "फाटक उघडलं त्यानं. मानसं भाईर आली. ह्यो दमलाय. बसवा त्याला."

"कुटं बसवू? फाटकावर बसायला काय न्हवतं कवा. बारा-बारा तास उभाच असायचा."

मास्तरांनी कानामागची तांबडी पेन्सिल काढून त्यांच्या पुढे धरली. "मग काढा की खुर्ची."

आबांनी पेन्सिल घेतली. चौकटीच्या कागदावर, फाटकवाल्याच्या मागे, त्यांनी एक रेघ ओढली, मग दुसरी. हात थरथरत होता आणि एकही रेघ चौकोनाच्या कडेवर बसत नव्हती. खुर्चीचे पाय वाकडे आले, पाठ एका बाजूला कलली. कागद हलू नये म्हणून मास्तरांनी तो दोन बोटांनी दाबून धरला होता.